दार आधी ठरवा, अंडं नंतर

आजी ताडदेवला राहायची. तिच्याकडे जाताना बस केम्प्स कॉर्नरला आली की मी खिडकीला नाक लावून डुंगरवाडीची झाडं शोधायचे. पारसी लोक आपले मृतदेह तिथे गिधाडांसाठी ठेवतात. शेंड्यांवर गिधाडं बसलेली असायची, मान खांद्यांत खुपसून, पंख सैल सोडून. नव्वदच्या दशकात ती कमी होत गेली आणि एक दिवस दिसेनाशीच झाली. पुढे पारसी समाजाला तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.

आजही गिधाडांबद्दल कुठे बोलायला उभी राहिले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पिंजऱ्यात वाढवा आणि सोडून द्या ना." प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. पक्षी बंदिस्त जागेत वाढवून परत रानात सोडण्याचं काम कसं चालतं आणि त्यातलं काय मुंबईत राहून शिकता येतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पक्षीशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलांसाठी हे आहेच, पण घरी पक्षी पाळणाऱ्यांनी आणि अशा कामाला देणगी देणाऱ्यांनीही वाचावं.

आधी शब्द स्पष्ट करू. 'निसर्गातून नामशेष' म्हणजे ज्या जातीचे पक्षी रानात एकही उरले नाहीत, फक्त माणसाच्या ताब्यात उरले. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या वर्गात पडलेले पक्षी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके आहेत: प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरचा खंड्या, म्हणजे तिथला 'सिहेक', हवाईचा कावळा 'अलाला', ब्राझीलचा स्पिक्स मकाव हा निळा पोपट, ब्राझीलचाच कोंबडीसारखा अलागोआस कुरासो, आणि मेक्सिकोच्या सोकोरो बेटावरचं कबूतर. या वर्गातून बाहेर पडलेले पक्षी दोनच, कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अमेरिकेतलं प्रचंड गिधाड आणि आपल्या पाणकोंबडीच्या कुळातली ग्वामची रेल. आपली गिधाडं या यादीत गेली नाहीत, पण उंबरठ्यापर्यंत पोचली होती. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. हरियाणात पिंजोरला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि तिथल्या वनखात्याने जे प्रजनन केंद्र उभं केलं, ते या घसरणीमुळेच.

पहिलं काम: पक्षी संपला कशाने, ते शोधा

हा टप्पा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे, म्हणून इथेच जास्त थांबते. पक्षी सोडताना पिंजऱ्याचं दार कुठे उघडायचं हे ठरल्याशिवाय अंडं उबवायला ठेवू नये. आणि पक्षी ज्याने मेला ते तिथून हटल्याशिवाय दार ठरवता येत नाही.

गिधाडांचं कारण कळायला बरीच वर्षं गेली. रोग असेल असा अंदाज होता. २००४ मध्ये पक्कं झालं की गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. शवविच्छेदनात आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर दिसतो. हिशोब बघा: गिधाडांच्या वाट्याला येणाऱ्या १३० ते ७६० मृत जनावरांमागे एका जनावरात औषधाचा घातक अंश असला तरी एवढा विनाश व्हायला पुरेसा होता. एकाच मेलेल्या जनावरावर झुंडीने उतरणारा हा पक्षी आहे. एक गाय अख्खी झुंड नेते.

औषधावर जनावरांसाठी बंदी आली २००६ मध्ये. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन ३ मिलीच्या एकेका मात्रेपुरतं मर्यादित केलं. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या गिधाडांना घातक अशा आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली. पिंजोरचं केंद्र सुरू झालं त्याच काळात ही दुसरी लढाईही चालू होती, आणि माझ्या मते खरी लढाई तीच होती.

दुसरीकडची दोन उदाहरणं. ग्वामवर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून तपकिरी झाडसाप पोचला आणि त्याने बेटावरचे बहुतेक रानपक्षी संपवले. सिहेकचे उरलेले २९ पक्षी १९८० च्या दशकात पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले. सापाचा बंदोबस्त अजून पुरता झालेला नाही. म्हणून २०२४ मध्ये पहिले ९ पक्षी ग्वामला सोडलेच नाहीत. साप नसलेल्या, उंदरांपासून मुक्त केलेल्या पाल्मिरा बेटावर सोडले. हवाईच्या कावळ्याचं उलट झालं. २०१६ पासून हवाईच्या बिग आयलंड या मोठ्या बेटावर सोडलेल्या अलालांना तिथले ससाणे मारू लागले आणि उरलेले पक्षी परत पकडून आणावे लागले. २०२४ मध्ये पाच पक्षी माउई बेटावर सोडले, कारण त्या बेटावर तो ससाणा नाही. दार चुकलं की पक्षी मरतो.

मग तुम्ही काय करायचं? कोणत्याही एका पक्ष्यासाठी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा. तो कशाने संपला? ते कारण आता आहे की नाही, आणि हे कशावरून म्हणता? त्याचं खाणं आणि घरट्याची जागा उरली आहे का? तिथल्या माणसांना तो हवा आहे का? दुसऱ्या ओळीला 'असं वाटतं' हे उत्तर चालत नाही, मोजलेलं काहीतरी लागतं. गिधाडांच्या बाबतीत मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने तपासतात आणि औषधांच्या दुकानांत गिऱ्हाईक बनून काय विकलं जातंय ते बघतात.

गिधाड-सुरक्षित क्षेत्र, म्हणजे गिधाडांना मारणारी औषधं गुरांना दिली जात नाहीत असा भाग, साधारण १०० किलोमीटर त्रिज्येचं धरतात. म्हणजे ३१ हजार चौरस किलोमीटरच्या वर. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं अजून घरटी करतात. नकाशावर म्हसळ्यावर कंपासचं टोक रोवून १०० किलोमीटरचं वर्तुळ काढा. पुणं आत पडतं, महाबळेश्वर आत पडतं, आणि कुलाबाही.

मुंबईतल्या मराठी माणसाला गाव असतं. गणपतीला जाल तेव्हा गोठ्यात विचारा: म्हशीला ताप आला, पाय सुजला, तर डॉक्टर कोणतं इंजेक्शन देतात? मेलोक्झिकॅम आणि टोल्फेनामिक ॲसिड गिधाडांना सुरक्षित आहेत. ती मागून घ्या. इन्क्युबेटर (अंडी उबवायचं यंत्र) आणि पिंजऱ्यांच्या आधी हे एवढं तुम्ही आजही करू शकता.

कायदा

थोडक्यात सांगते, पण चुकवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचा रानपक्षी परवानगीशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे, मग तो पोपट असो वा मुनिया. 'मी वाढवून सोडणार होते' हा बचाव होत नाही. प्रजनन केंद्राला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आणि वनखात्याची मान्यता लागते. परदेशी पक्षी साईट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. सरावासाठी साधं बजरीगर, झेब्रा फिंच किंवा गावठी कोंबडी पुरते. जखमी रानपक्षी सापडला तर पुठ्ठ्याच्या हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा, पाणी-दूध पाजू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मूळ पक्षी आणि त्यांची वही

कार्यक्रम ज्या पक्ष्यांपासून सुरू होतो त्यांना संस्थापक म्हणतात. ते किती, यावर पुढचं सगळं ठरतं. कॉन्डोर १९८७ मध्ये जगात एकूण २७ होते, सगळे ताब्यात. ग्वामची रेल २१ पक्ष्यांपासून उभी राहिली. अलागोआस कुरासोचा आजचा सगळा वंश तीन पक्ष्यांवरून आला, आणि त्याच्याशी दुसऱ्या जातीच्या कुरासोचा संकरही झाला, त्यामुळे शुद्ध पक्षी वेगळे काढताना जनुकं तपासावी लागली.

पिल्लं काढताना संस्थापकांची विविधता टिकवायची असते. नेहमीचं उद्दिष्ट असं की १०० वर्षांनीही मूळ विविधतेतली ९० टक्के शिल्लक असावी. पाटीवर मांडता येईल असा हिशोब आहे: प्रत्येक पिढीत विविधता जाते ती १ भागिले प्रजननात खरोखर भाग घेणाऱ्या पक्ष्यांच्या दुप्पट. पन्नास पक्षी समान वाट्याने प्रजनन करत असतील तर पिढीला १ टक्का जाते. दहाच असतील तर ५ टक्के. पिंजऱ्यात साठ पक्षी असून त्यातली एकच जोडी भरभरून अंडी देत असेल तर खरा आकडा दोनच्या जवळ असतो, साठच्या नाही. म्हणून भरपूर पिल्लं देणाऱ्या जोडीला पुढे थांबवावं लागतं. हौशी पाळणारे नेमकं उलट करतात. ज्या जोडीची पिल्लं चांगली निघतात तिचीच पुन्हा पुन्हा काढतात.

यासाठी वही लागते. प्रत्येक पक्ष्याचा क्रमांक, आई, बाप, जन्म, जागा बदलली ती तारीख, मृत्यू आणि त्याचं कारण. जगभरच्या संग्रहालयांत याला स्टडबुक म्हणतात, आणि कुणाची जोडी कुणाशी लावायची हे ते बघूनच ठरतं. घरी झेब्रा फिंच असतील तर पायात रंगीत कडी घालून अशी वही एक वर्ष सलग लिहून बघा. तीन पिढ्यांत चुलत-मावस नाती इतकी गुंततात की वही नसली तर कुणालाच सांगता येत नाही कोण कुणाचं.

जोडी

नर-मादी दिसायला सारखे असतील तर पिसाच्या मुळातल्या किंवा रक्ताच्या थेंबातल्या डीएनएवरून ओळखतात. गिधाडं तशीच आहेत. पण कागदावर जुळलेली जोडी पक्ष्यांना मान्य असतेच असं नाही. पिंजोरला मोठ्या सामूहिक पक्षीघरांत, साधारण १०० फूट लांब आणि ४० फूट रुंद, गिधाडं एकत्र ठेवतात आणि ती आपला जोडीदार आपणच निवडतात. तयार व्हायला त्यांना पाचेक वर्षं लागतात आणि मग वर्षाला अंडं एक. ज्याला ही गती सोसत नाही त्याने या कामात येऊ नये.

निरीक्षणाचा सराव राणीच्या बागेत करता येतो. बुधवारी ती बंद असते. पक्षीदालनात एक जोडी निवडा, घड्याळ लावा आणि दर ३० सेकंदांनी एकच शब्द लिहा: बसला, खाल्लं, पिसं साफ केली, जोडीदाराजवळ सरकला. एक तासाची १२० नोंदींची पट्टी होते. दहा दिवस केलं की पक्षी 'काय करतो' याबद्दलची आपली मतं आणि तो खरोखर काय करतो यातलं अंतर दिसायला लागतं.

अंडं

गिधाड किंवा कॉन्डोर एका हंगामात एकच अंडं घालतं. पण ते लवकर काढून घेतलं तर बरेचदा ती जोडी पुन्हा अंडं घालते. पहिलं यंत्रात उबवायचं, दुसरं आईबापांकडे ठेवायचं. कॉन्डोर सावरला त्यात याचा मोठा वाटा आहे, आणि पिंजोरलाही हेच केलं. हे करायचं तर यंत्रात अंडं जगवता यायला हवं, आणि तिथेच हात बसायला वेळ लागतो.

कोंबडीच्या अंड्यावर शिका. दुकानातली अंडी नकोत, ती फळलेली नसतात. कर्जत-पालघरकडून कोंबड्यांमध्ये कोंबडा असलेल्या घरची गावठी अंडी आणा. एक छोटा इन्क्युबेटर घ्या, पंखा असलेला. आणि झवेरी बाजारातून सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. आधी मात्र एक गोष्ट लिहून ठेवा: पिल्लं बाहेर आली की कुठे जाणार? आमच्या सोसायटीत कोंबड्या पाळू देत नाहीत, तुमच्याही देत नसतील. ज्याच्याकडून अंडी आणली त्याच्याशी आधी बोलून ठेवा. आणि त्याने हो म्हटल्यावरच प्लग लावा.

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसरीला गोल. पेनची शाई कवचातून आत जाते. तापमान ३७.५ अंश. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा असा की रात्रीची लांब पाळी रोज वेगळ्या कुशीवर येते. १८ व्या दिवशी फिरवणं थांबवा, २१ व्या दिवशी पिल्लू.

सातव्या रात्री खोलीतले दिवे घालवा. जाड पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक पाडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंड्याची बोथट बाजू त्या भोकावर टेकवा. आत केशरी उजेड भरतो. फळलेलं असेल तर कोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि त्यातून निघालेल्या लाल शिरांची जाळी दिसते, आणि नीट रोखून पाहिलं तर ठिपका हलतो. पहिल्यांदा तो हलताना दिसला तेव्हा मी अंडं हातात धरून श्वास रोखून उभी राहिले होते. माझ्यामागे आई उभी होती, तीही काही बोलली नाही. आत नुसतीच पिवळी छाया असेल तर अंडं फळलेलं नाही. रक्ताचं एक स्वच्छ कडं दिसलं तर जीव सुरू होऊन थांबला.

आता काट्याचं काम. उबवणीत अंड्यातलं पाणी कवचाच्या बारीक छिद्रांतून उडतं आणि बोथट बाजूची हवेची पोकळी वाढते. बहुतेक पक्ष्यांत पिल्लू चोच मारेपर्यंत अंड्याचं सुमारे १५ टक्के वजन जायला हवं. ६० ग्रॅमचं कोंबडीचं अंडं १८ व्या दिवशी ५२-५३ ग्रॅमच्या आसपास हवं. रोज एकाच वेळी मोजा आणि आलेखाच्या कागदावर बिंदू टाका. पहिल्या दिवसापासून १८ व्या दिवसापर्यंत सरळ रेष आखून ठेवली की बिंदू वर चाललेत की खाली ते लगेच कळतं. वजन कमी उतरत असेल तर हवा दमट आहे, पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या पाण्यातच गुदमरतं. जास्त उतरत असेल तर आतलं पातळ आवरण वाळून पिल्लाला चिकटतं.

मुंबईत हे फार भोवतं. पुस्तकात 'ट्रेमध्ये पाणी घाला' लिहिलेलं असतं. जुलैत ते केलंत तर अंडं पुरेसं वजन सोडत नाही. पावसाळ्यात ट्रे कोरडा ठेवा, खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी लावा, आणि आलेखाकडे बघा. जानेवारीत उत्तरेकडून कोरडं वारं सुटलं की पाणी घाला. दुर्मीळ पक्ष्याच्या अंड्यालाही हेच करतात, फक्त तिथे एका अंड्यामागे वर्षाचा हंगाम असतो.

सगळं एका छताखाली ठेवू नका

जुलै २००५ मध्ये आम्ही कुर्ल्याला पहिल्या मजल्यावर राहायचो. इन्क्युबेटरमध्ये चौदा अंडी होती, सतरावा दिवस होता. २६ तारखेला दुपारी पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं, वीज गेली ती तीन दिवस आली नाही. मी अंडी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून बसले होते. तळमजल्यावरचे शेजारी आमच्या हॉलमध्ये झोपले होते आणि मी कोपऱ्यात अंडी घेऊन. एकही वाचलं नाही. चूक माझी होती: इन्व्हर्टर नव्हता, आणि निम्मी अंडी दुसरीकडे ठेवायला जागा असूनही मी ठेवली नव्हती.

म्हणून कोणताही गंभीर कार्यक्रम पक्षी दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवतो. प्वेर्तो रिको बेटावरच्या पोपटाच्या बाबतीत २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने हेच दाखवलं. एल युन्के जंगलातले रानटी पोपट सगळे गेले, पण बेटावरच्या प्रजनन केंद्रांतले वाचले. आपल्याकडेही गिधाडं पिंजोरखेरीज आसाममध्ये राणी, बंगालमध्ये राजाभातखावा आणि भोपाळजवळ केरवा इथे ठेवली आहेत.

पिल्लाला माणूस दिसू नये

यंत्रातून निघालेलं पिल्लू जे पहिलं हलताना पाहतं त्याला आपलं मानतं. ही गोष्ट किती खोल जाते ते अमेरिकेतल्या टेक्स नावाच्या क्रौंच मादीवरून समजतं. ती माणसांत वाढली, म्हणून तिला क्रौंच नर नकोच होता. जॉर्ज आर्चिबाल्ड या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं तिच्यासमोर क्रौंचाचं नृत्य केलं, कृत्रिम रेतन केलं, तेव्हा कुठे १९८२ मध्ये एक पिल्लू मिळालं. एका पिल्लासाठी माणसाचं इतकं आयुष्य.

म्हणून कॉन्डोरच्या पिल्लांना मोठ्या कॉन्डोरच्या डोक्यासारखी बाहुली हातावर चढवून भरवलं, क्रौंचांना पांढरा झगा घालून. तरीही आईबापांनी वाढवलेलं पिल्लू बरं, हे सगळ्यांना मान्य झालं आहे. शक्य असेल तर यंत्रातलं पिल्लू पालक जोडीच्या घरट्यात परत द्यावं.

तुमच्या हाताचा सराव संक्रांतीच्या दिवसांत होतो. मांज्याने कापलेल्या घारी, कबुतरं, वटवाघळं यांच्यासाठी मुंबईत स्वयंसेवकांची शिबिरं लागतात. तिथे अनुभवी माणसाकडून घार कशी धरायची ते शिका: आधी डोळ्यांवर कापड, मग दोन्ही पाय एकत्र, आणि पंख अंगाशी. आणि गप्प राहा. तिच्याशी लाडाने बोलत बसणं हा आपला आनंद असतो, तिला तो त्रासच होतो.

आजार

पेटीतून एक पक्षी आत येतो आणि त्याच्यासोबत एक विषाणू. नवा पक्षी निदान ३० दिवस वेगळा, त्याची भांडी वेगळी, आणि त्याच्याकडे जायचं ते सगळ्यात शेवटी. विष्ठा तपासा, पोपट असेल तर सर्कोव्हायरस आणि क्लॅमिडिया तपासाच. स्पिक्स मकावचं दुःख इथेच आहे. २०२२ च्या जूनमध्ये ब्राझीलच्या कुरासा भागात ८ पक्षी सोडले, त्यांना वाट दाखवायला रानातले दुसऱ्या जातीचे मकाव सोबत होते. २००० मध्ये शेवटचा नर नाहीसा झाल्यानंतर पहिल्यांदा ते आकाशात निळे दिसले. २०२५ मध्ये तिथल्या पक्ष्यांत चोच आणि पिसं सडवणारा सर्कोव्हायरस सापडला. वीस वर्षांची मेहनत एका तपासणीवर येऊन थांबते. कॉन्डोरचंही तसंच: २०२३ मध्ये बर्ड फ्लूने ॲरिझोना-यूटा भागातले २१ पक्षी नेले, त्यानंतर त्यांना लस द्यायला सुरुवात झाली.

पशुवैद्यक शिकणाऱ्यांना सांगते, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात असाल तर पक्ष्यांच्या शवविच्छेदनात हात तयार करा. मेलेला पक्षी काय सांगतो ते वाचणारी माणसं फार थोडी आहेत, आणि गिधाडांचं कोडं सुटलं ते शवविच्छेदनामुळेच.

सोडण्याआधीची शाळा

पक्ष्याला थेट पिंजऱ्यातून रानात सोडत नाहीत. जिथे सोडायचं तिथेच मोठं पक्षीघर बांधून त्यात काही महिने ठेवतात. त्याला तिथला वारा, आवाज, उन्हाची दिशा कळते, बाहेरचे पक्षी जाळीवर येऊन बसतात. मग एके दिवशी दार उघडतात आणि आत अन्न तसंच ठेवतात, म्हणजे तो परत येऊ शकतो. कॉन्डोर विजेच्या खांबांवर बसून मरत होते, म्हणून पक्षीघरात खोटा खांब रोवला आणि त्यावर बसलं की हलका झटका बसेल असं केलं. पक्षी खांबापासून दूर राहायला शिकले. अलालांना ससाण्याची भीती शिकवावी लागली. पिंजऱ्यात जन्मलेल्याला शत्रू माहीतच नसतो.

पिंजोरची गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाला आणली आणि आधी तिथल्या पक्षीघरांत ठेवली. त्यांना द्यायच्या मांसात औषध नाही याची खात्री करावी लागते, म्हणून बोकड काही दिवस आपल्याच देखरेखीखाली ठेवून मगच देतात.

गावाची तयारीही याच काळात. जपानच्या सादो बेटावर २००८ मध्ये तोकी नावाचे आयबिस (लांब, वाकड्या चोचीचे पक्षी) सोडले, त्याआधी शेतकऱ्यांनी भातात कीटकनाशकं कमी केली आणि हिवाळ्यातही खाचरांत पाणी ठेवलं, म्हणजे पक्ष्याला बेडूक-मासे मिळतील. त्या भाताला पक्ष्याच्या नावाने भावही मिळाला. आपल्याकडे कोकणातल्या शेतकऱ्याला मेलेलं जनावर पुरण्याऐवजी ठराविक जागी टाकायला सांगायचं, तर त्याला गाडीचं भाडं तरी द्यायला हवं.

सोडल्यानंतर

पाठीवरचं जीपीएस यंत्र पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत असावं असा संकेत आहे. पाच किलोच्या गिधाडाला १५० ग्रॅमपेक्षा कमी. बहुतेक यंत्रं त्याहून हलकी असतात. त्याच्या बिंदूंवर रोज नजर ठेवावी लागते. दोन दिवस एकाच जागी बिंदू आला तर कुणीतरी तिथे चालत जायचं. बरेच पक्षी पहिल्या वर्षात मरतात. मेलेला प्रत्येक पक्षी सापडायला हवा, तपासायला हवा, कारण तो सांगतो की दार अजून नीट ठरलेलं नाही: कुठली विजेची तार, कुठल्या गावचं इंजेक्शन.

या कामात यायचं असेल तर काळाघोड्याजवळच्या हॉर्नबिल हाऊसमध्ये जा. बीएनएचएस १८८३ पासून आहे आणि पक्षीशास्त्राचे अभ्यासक्रम घेते. गोरेगावला फिल्मसिटीशेजारी त्यांचं निसर्ग शिक्षण केंद्रही आहे. जाताना तुमची वही घेऊन जा, ती १२० नोंदींची पट्टी आणि अंड्यांचा आलेख.

आणि कोकणात किंवा घाटात कुठे पायात कडं, पंखावर नंबराची पट्टी किंवा पाठीवर छोटी पेटी असलेलं गिधाड दिसलं, तर जवळ जाऊ नका. पट्टीचा रंग आणि नंबर, जागा, वेळ, ते काय खात होतं आणि सोबत किती होती एवढं लिहून घ्या, लांबून फोटो काढा आणि १९२६ वर कळवा. ते जमिनीवर पंख पसरून बसलं असेल आणि मान खाली झुकलेली असेल, तर कळवण्यात एक तासही घालवू नका.